मी, बुद्रुक

पूर्वी पत्ता चुकला तरी पत्र चुकत नसे. पाकिटावर नुसतं 'मास्तर, मारुतीच्या देवळामागे' एवढंच लिहिलेलं असलं तरी पोस्टमन बरोबर मास्तरांच्या दारात उभा राहायचा. मास्तरांनी बिऱ्हाड बदललेलं असलं तर नव्या बिऱ्हाडी जायचा. मास्तर देवाघरी गेले असले तर पत्र मुलाच्या हाती द्यायचा, आणि मुलांची आपसांत कोर्टकचेरी चालू असली तर कोणत्या मुलाच्या हाती द्यायचं, हेही त्याला ठाऊक असायचं. पत्ता वाचता येणं हा त्याच्या अनेक गुणांपैकी सगळ्यात किरकोळ.

ईमेलच्या पोस्टमनला फक्त पत्ता वाचता येतो. त्या पत्त्यावर कोणीच राहत नसलं तर पत्र परत पाठवण्याइतकी अक्कल त्याला आहे. पण कोणीतरी राहत असलं, मग तो कोणीही असो, की पत्र आत टाकून हा मोकळा!

अशाच एका दाराच्या आत मी गेली वीस वर्षं बसलेलो आहे. आणि माझ्या दारात निदान अकरा माणसांचं टपाल येऊन पडतं. अकरा हा आकडा मी बँकेतल्या सवयीने दोनदा मोजून घेतलेला आहे. या अकराही जणांचं नाव आणि आडनाव माझंच आहे. ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर हे पुस्तक वाचणाऱ्यांपैकी बारावा, तेरावा आणि चौदावा आपापलं टपाल मागायला येतील. तुम्ही रस्त्यात उभं राहून ते नाव मोठ्याने हाकारलंत तर दोन रिक्षावाले, एक प्राध्यापक आणि निदान एक पोलीस मागे वळून पाहील, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

यात माझा काही दोष नाही. दोष पूर्वजांचा. गावचा हिशेब लिहायचा तो कुलकर्णी, पंचांग सांगायचा तो जोशी, गावकी सांभाळायचा तो पाटील, असा आमचा कारभार. म्हणजे ही आडनावं नव्हेतच, हे हुद्दे! उद्या आमच्या बँकेतल्या सगळ्या कारकुनांनी 'कारकून' आणि सगळ्या शिपायांनी 'शिपाई' हेच आडनाव लावलं तर जे होईल तेच महाराष्ट्रात झालेलं आहे. त्यात आमच्या पिढीच्या बारशांच्या वेळी आईबापांनी अमोल, अमित, सचिन, प्रशांत, योगेश एवढ्याच नावांवर भागवलं. बाईंनी वर्गात "अमोल!" अशी हाक मारली की तिघे उभे राहायचे आणि चौथा त्या दिवशी गैरहजर असायचा.

गावांचीही पूर्वी हीच कथा होती. वडगाव किती आणि पिंपळगाव किती, याची मोजदाद करता करता माणूस म्हातारा व्हायचा. पण गावांची काळजी घेणारे कोणीतरी होते. शेजारी शेजारी एकाच नावाची दोन गावं असली तर थोरलं ते बुद्रुक आणि धाकटं ते खुर्द, असा निवाडा शेकडो वर्षांपूर्वीच होऊन गेला. तेवढ्याने भागेना तेव्हा १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकड्यांचा पिनकोड आला. तो काढणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी खरे, पण संस्कृतचे मोठे पंडित. दोन पिंपळगावांतला फरक सांगायला पाणिनीच्या वळणाचाच माणूस हवा होता, हे मला पटतं. सूत्र सहाच अक्षरांचं, पण त्यात राज्यही कळतं आणि तुमचं पोस्टही कळतं.

माणसांसाठी आपल्याकडे याहून सोपी युक्ती होती. ती म्हणजे मधलं नाव. स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. गावात एकाच नावाचे दहा जण असले तरी दहांचे बाप वेगवेगळे असत, आणि तंटा मिटे. पुढे इंग्रजी फॉर्म आले. त्यांत 'पहिलं नाव' आणि 'शेवटचं नाव' असे दोनच रकाने. आम्ही बापाला मधून काढलं आणि या सगळ्या घोळाला आमंत्रण दिलं.

२००४ च्या १ एप्रिलला जीमेल सुरू झालं. टपाल साठवायला एक अख्खं गिगाबाइट फुकट देणार म्हटल्यावर, तारीख पाहून पुष्कळांना तो एप्रिल फूलच वाटला होता. सुरुवातीला तिथे लग्नासारखं निमंत्रण असल्याशिवाय प्रवेश नसे. मला २००५ मध्ये एका मित्राने निमंत्रण धाडलं. मी गेलो तर मांडव जवळजवळ रिकामा! नुसतं नाव आणि आडनाव घातलं, आणि पत्ता मिळाला. आकडा नाही, शेपूट नाही. माझ्यामागून जे आले त्यांना कोणाला जन्मसाल चिकटवावं लागलं, कोणाला १२३, आणि एका नामबंधूने तर ००७ लावलेलं आहे. तो विमा एजंट आहे. म्हणजे सरळ हिशेब असा की, मी बुद्रुक आणि बाकीचे अकरा खुर्द.

बुद्रुकपणाचा मला आधी अभिमान वाटला. नंतर टपाल यायला लागलं.

त्याचं कारण 'ॲट द रेट'. पत्त्याच्या मधोमध तो शेपटीत गुरफटून बसलेला 'ए' असतो ना, तो. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्या मधे घालायला हे चिन्ह निवडलं. त्याआधी ते आमच्या कॉमर्सवाल्यांच्या हिशेबाच्या वहीत होतं. दहा पोती, ॲट द रेट पन्नास रुपये. आपण मंडळी अजूनही त्याला ॲट द रेटच म्हणतो. आता आमचा एखादा खुर्द दुकानात उभा राहून पत्ता सांगतो, "अमुक, तमुक, एटीफोर, ॲट द रेट..." ऐकणाऱ्या पोराला वाटतं, चौऱ्याऐंशी हा रेट असणार. रेट कशाला पत्त्यात लिहायचा? तो गाळतो. आणि गाळलेलं सगळं माझ्याकडे येतं.

काही जण टिंबं घालून वेगळे होऊ पाहतात. पण जीमेलच्या लेखी नावातल्या टिंबाला काडीची किंमत नाही. नाव-आडनावाच्या मधे टिंब द्या, देऊ नका, प्रत्येक अक्षरानंतर द्या, पत्ता तोच. ज्या भाषेत चिता आणि चिंता यांच्यात एका टिंबाचं अंतर आहे, त्या भाषेच्या माणसाला हे पटवून घेणं जड जातं.

तर टपाल. मुंबईच्या एका उपनगरातल्या सोसायटीचा मी गेली सहा वर्षं सभासद आहे. गच्ची कुठे गळते, टाकीचा पंप कोणी जाळला, तिसऱ्या मजल्यावरचे मेंटेनन्स का भरत नाहीत, हे मला आमच्या स्वतःच्या सोसायटीपेक्षा जास्त माहीत आहे. मी सेक्रेटरींना दोनदा कळवलं, की मी तो नव्हे. उत्तर आलं, "पत्त्यात बदल करावयाचा असल्यास सभासदाने स्वतःच्या सहीनिशी लेखी अर्ज करावा." हे उत्तरही मलाच आलं. गेल्या सभेच्या इतिवृत्तात 'सूचना देऊनही सलग ३ सभांना गैरहजर' म्हणून माझ्या नावाची नोंद आहे.

न्यू जर्सीतल्या एका शाळेकडून जानेवारीत पत्र येतं, की बर्फामुळे उद्या शाळा बंद. सोलापुरात ते वाचून आमचे चिरंजीव दप्तर ठेवून देतात. एका वधू-वर मंडळाने 'आपल्या स्थळाला १४ मुलींची पसंती' असं कळवलं, तेव्हा तो मेल नेमका हिने उघडला. नावात साम्य आहे हे तिला लगेच पटलं. चौदा हा आकडाच माझा नसणार, म्हणाली.

पण कमाल केली ती एका पॅथॉलॉजी लॅबने. माझ्या नावाने रक्ताचा रिपोर्ट आला, जेवणानंतरची साखर २८०. मी "हा मी नव्हे" म्हणेपर्यंत हिने माझ्या चहातली साखर काढली.

"अगं, हे दुसऱ्या कोणाचं रक्त आहे."

"नाव तुमचंच आहे ना?"

"नाव माझं, रक्त त्याचं."

"मग तुमचं दाखवा. तपासलंयत कधी?"

याला उत्तर नव्हतं. पण त्या दुसऱ्या माणसाचं काय? तो बिचारा कुठेतरी आनंदाने जिलबी खात बसला असेल. मी लॅबला फोन लावला.

"तुमच्या एका पेशंटचा रिपोर्ट माझ्याकडे आलाय."

"पेशंटचं नाव?"

मी सांगितलं.

"तुम्ही कोण बोलताय?"

मी तेच नाव पुन्हा सांगितलं.

"मग रिपोर्ट तुम्हाला बरोबर मिळालाय की."

"तो पेशंट मी नाही हो!"

"मग सॉरी, पेशंटशिवाय कोणालाही रिपोर्टची माहिती देता येत नाही."

अशा वेळी मला अमेरिकेच्या फौजेची आठवण काढून धीर धरावा लागतो. त्यांच्या पत्त्यांच्या शेवटी एम-आय-एल असतं आणि आफ्रिकेतल्या माली देशाच्या पत्त्यांच्या शेवटी एम-एल. मधला आय गळला की पेंटॅगॉनचं टपाल थेट मालीला! मालीचं हे खातं सांभाळायला नेमलेला एक डच गृहस्थ दहा वर्षं अमेरिकनांना कळवत होता, की बाबांनो, तुमचं टपाल माझ्याकडे येतंय. २०२३ च्या जुलैत ते छापून आलं तेव्हा त्याच्याकडे त्या एकाच वर्षातली लाखाहून जास्त पत्रं जमलेली होती. त्यांत अमेरिकेच्या तेव्हाच्या लष्करप्रमुखांच्या इंडोनेशिया दौऱ्याचा कार्यक्रम होता, हॉटेलातल्या खोलीच्या नंबरासकट. त्या डच माणसाला भेटावं असं मला फार वाटतं. आमचं जमेल. सोसायटीच्या सेक्रेटरीचं पत्र मी त्याला दाखवीन, तो मला पेंटॅगॉनचं दाखवील.

लोक म्हणतात, डिलीट करा नि सोडून द्या. बँकेत तेवीस वर्षं काढलेल्या माणसाला ते जमत नाही. आमच्याकडे पैसे कोणाचे ते कळेना झालं की ते सस्पेन्स अकाउंटला टाकतात. नावावरून वाटतं तितकं त्यात रहस्य नसतं, पण त्यातला रुपया न् रुपया कोणाचा तरी असतो आणि त्याचा छडा लावल्याशिवाय ऑडिटर जेवत नाही. मीही माझ्या मेलमधे 'सस्पेन्स' नावाचा एक कप्पा केला आहे. कॅश काउंटरवर बसलेल्या कोणालाही विचारा. संध्याकाळी कॅश कमी भरली तर माणूस शिव्या देत स्वतःच्या खिशातून भरतो आणि घरी जाऊन झोपतो. जास्त भरली तर झोप येत नाही. कारण आपल्याकडे दोनशे जास्त म्हणजे कोणाच्या तरी घरी दोनशे कमी. माझ्याकडे एक पत्र जास्त आलं याचा अर्थ कुठेतरी एक पत्र कमी पडलेलं आहे. दुहेरी नोंद पद्धती दुसरं काही सांगत नाही.

पैशाच्या बाबतीत निदान सुधारणा झाली. रिझर्व्ह बँकेने सांगितल्याप्रमाणे १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना सोय करावी लागली, की एनईएफटी किंवा आरटीजीएस करताना पाठवणाऱ्याला आधी खातेदाराचं नाव दिसावं. पत्राला ही सोय नाही. आणि माझ्या बाबतीत असून उपयोग काय? नाव तर बरोबरच दिसणार!

गेल्या वर्षी एका संध्याकाळी असंच एक बरोबर नावाचं पत्र आलं. वर मधोमध 'श्री'. खाली 'चि.', पुढे माझं नाव, आणि 'यास अनेक उत्तम आशीर्वाद'. मला असं पत्र येऊन कितीतरी वर्षं झाली होती. मजकूर असा: इकडील सर्व क्षेम. विहिरीला पाणी आहे. गुडघा आहे तसाच आहे. तुझ्या आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन २३ तारखेला ठरलं आहे. तुला कळवायचं नाही म्हणाली, म्हणून फोनवर बोललो नाही, लिहितो आहे. ये असं म्हणत नाही.

मराठी बापाच्या तोंडी 'ये असं म्हणत नाही' याचा अर्थ 'तिकीट काढ' असा होतो, हे तुम्हाला सांगायला नकोच. मी ताबडतोब उत्तर लिहिलं. बँकेत लिहितो तसं, नेमकं. "माननीय महोदय, आपले पत्र चुकीच्या पत्त्यावर आले आहे. मी आपला मुलगा नाही. कृपया नोंद घ्यावी."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. दोन दिवसांनी उत्तर आलं.

"चि. यास आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. 'महोदय' वाचलं. लहानपणीही तू रागावलास की मला अहोजाहो करायचास. जमिनीचा विषय मी पुन्हा काढणार नाही. पण मुलगा नाही, असं लिहू नये. आईला दाखवलेलं नाही."

मी ते वाचलं आणि हिला वाचायला दिलं. तिने वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "आता काय करणार?" सस्पेन्समधे टाकण्यासारखी ही रक्कम नव्हती. बारा तारीख उलटून गेली होती.

मी पुन्हा लिहिलं. या वेळी महोदय नाही, नोंद नाही. साष्टांग नमस्कार घातला आणि खाली माझं संपूर्ण नाव लिहिलं, मधल्या नावासकट. शाळेच्या दाखल्यावर असतं तसं. फोन नंबर दिला. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी, ऐन पेन्शनवाल्यांच्या रांगेत फोन वाजला.

"मी तुमच्या... म्हणजे मी ते पत्रवाला. आवाज आमच्या चिरंजीवांचा नाही, एवढं कळलं."

"नाही ना."

"वडिलांचं नाव पुन्हा सांगा."

सांगितलं.

"आहेत?"

"नाहीत."

"बरं," म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. रांगेतले एक आजोबा खिडकीच्या काचेवर पासबुक आपटत होते.

गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक. घरात फोन आईचा आणि पत्र बापाचं, अशी वाटणी. मुलगा हैदराबादला. मी म्हटलं, मुलाने दिलेला पत्ता वाचून दाखवा. त्यांनी वहीतून वाचून दाखवला. नाव, आडनाव, चौऱ्याऐंशी.

"मग तुम्ही चौऱ्याऐंशी का घालत नाही?"

"पोटच्या पोराच्या नावापुढे आकडा लिहू? कैद्याला असतो आकडा."

यापुढे काय बोलणार? मी तिन्ही पत्रं चौऱ्याऐंशीच्या पत्त्यावर पाठवून दिली. तिन्ही म्हणजे माझं 'महोदय' धरून, नाहीतर दुसऱ्याचा अर्थ लागला नसता. रात्री साडेअकराला उत्तर आलं. "थँक्स. मला वाटलं होतं, बाबांनी लिहिणं सोडलं." एवढंच. २३ तारखेला तो गावी होता. दोन दिवस राहिला. जमिनीचं तोही बोलला नाही आणि हेही बोलले नाहीत, असं मुख्याध्यापकांनी कळवलं.

ते कळवणारं पत्र मलाच आलं होतं, आणि 'चि.' करूनच होतं. मला वाटलं, पुन्हा चुकलं. पण शेवटी वेगळी ओळ होती. "बँकवाले, हे वाचून झाल्यावर पुढे पाठवावे. आकडा तुम्ही घाला, तुमचं ते कामच आहे. आपणांसही आशीर्वाद."

तेव्हापासून हेच चालू आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पत्र येतं, मी चौऱ्याऐंशी घालतो आणि हैदराबादला रवाना करतो. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात तळाला गेलं होतं, ते आता वर आलं आहे. गुडघा आहे तसाच आहे. आईला डाव्या डोळ्याने पेपरातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा दिसू लागल्या असून ती त्या दिवसभर मोठ्याने वाचून दाखवते, त्यामुळे उजव्या डोळ्याचं ऑपरेशन जरा पुढे ढकलावं असा मुख्याध्यापकांचा विचार आहे. या महिन्यात आठ तारीख झाली तरी पत्र नव्हतं, तेव्हा ही स्वयंपाकघरातून दोनदा विचारून गेली, "सासऱ्यांचा मेल आला का हो?"